हात, चेहरा, मग दूरून

या धंद्याची बोलीच मुळी मारामारीची आहे, हे पुनम मोहुर्लेला पहिल्याच दिवशी कळून चुकलं. शूट करा. कट मारा. नको ते उडवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका कॉलेजच्या सभागृहात ग्रंथालयशास्त्राचे वीसेक प्राध्यापक माना डोलावत हे वह्यांत उतरवून घेत होते. जन्मभर दुसऱ्यांना 'शांतता राखा' सांगण्यात गेलेली ही माणसं! पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रमात व्हिडिओनिर्मितीचा पेपर यायचा होता. तो शिकवणार कोण? तर हेच. म्हणून आधी यांना शिकवायचं, असा सगळा घाट होता.

शिकवणारे प्रणित सर नागपूरचे. लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात करून विद्यापीठाच्या प्रशिक्षणांपर्यंत पोचलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दिसेल त्या गोष्टीचा नियम करायची खोड होती. "आधी हात, मग चेहरा, मग दूरून. एकेक शॉट पाच सेकंद, बस. लांबवला की बघणारा पळाला. हललेला शॉट तिथल्या तिथं उडवा, जीव अडकवू नका. मागे गोंगाट असेल तर आवाज काढून टाका, खाली संगीत टाका. समजलं?"

समजलं, असं सगळे म्हणाले. पुनम जरा जोरातच म्हणाली. ती तासिकेवरची प्राध्यापक होती. दर वर्षी जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं आणि यंदा ठेवता का म्हणून विचारायचं. हे प्रशिक्षण जो नीट पुरं करेल त्याला नवा पेपर, असं प्राचार्य बोलून बसले होते. पुनमला तो पेपर हवा होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पुढे जे झालं त्याचं एक मूळ इथंच आहे.

प्रत्येकानं कॉलेजच्या ग्रंथालयासाठी एक छोटा व्हिडिओ करून आणायचा होता, आपल्या भागातल्या एखाद्या जाणत्या माणसाचा. पुस्तकात नाही ते माणसाकडून घ्यायचं. पुनमनं मोहाची फुलं वेचणारी बाई निवडली. मूलहून सावली गावाकडे जाताना जंगलात आत शिरलं की कोसंबटोला नावाची पंचवीस-तीस घरांची वस्ती लागते. तिथली रुखमा मडावी मोहाच्या झाडाकडं नुसतं बघून सांगते, उद्या किती फूल पडणार ते, असं कोणीतरी म्हणालं होतं.

दुपारी पुनम तिच्या अंगणात पोचली तेव्हा रुखमा चटईवर मोह वाळत घालत होती. पुनमनं हात घेतले, चेहरा घेतला. रुखमाला त्या फोनचं लय हसू येत होतं. तिचा नवरा डोमा, पन्नाशीचा, खांद्यानं रुंद, दारात बसून तिची थट्टा करत होता.

"बाई, तिचा फोटो काढू नका. उद्यापासून भाव खाईन ते."

"तुमीच बसा नं मंग फोटोत," रुखमा म्हणाली. "तोंड पाहा जरा तुमचं. वाघ पळून जाईन."

वाघाचं नाव निघताच थट्टा थांबली. महिन्याभरापूर्वी शेजारच्या वस्तीवरचा एक गुराखी वाघानं नेला होता. तेव्हापासून पिंजरा लावा म्हणून गाव ओरडत होतं. पण मोहाचा हंगाम कोणासाठी थांबत नाही, आणि फूल पहाटेच वेचावं लागतं. "उद्या सकाळी या," रुखमा म्हणाली. "झाडाखालीच दाखवतो तुमाले."

सकाळी पुनम स्कूटीवरून आली तेव्हा वस्तीत एक माणूस नव्हता. जंगलाच्या बाजूनं डबे बडवल्याचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. ती स्कूटी टाकून तिकडं धावली. वाटेत झुडपाला लुगड्याची एक चिंधी अडकली होती, पुढं मोहाची टोपली पालथी पडली होती, आणि पांढुरक्या फुलांवरून रक्ताचा रुंद ओघळ गवतात ओढत गेला होता.

माणसांनी आरडाओरडा करून वाघाला हाकलला, पण त्यानं करायचं ते केलं होतं. रुखमाला बाजेवर घालून आणली. नरडं फाटलं होतं. उजवी मांडी हाडापर्यंत खाल्ली होती. कोणीतरी अंगावर धोतर टाकलं, ते बघता बघता लाल झालं. डोमा बाजेच्या पायथ्याशी बसला आणि त्यानं रुखमाचं डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं. रडला नाही. नुसता धरून बसला.

पुनमला उलटी झाली. तोंड पुसून तिनं वर पाहिलं तेव्हा नेमका वनरक्षक आला.

पोरगाच होता तो. पंचविशीचा, बदलून येऊन महिना झाला नसेल. मोटरसायकलवर एकटाच आला होता, हातात फक्त काठी. मागून साहेब लोक येत आहेत, म्हणाला. पंचनामा होईल, म्हणाला. हे त्यानं सांगायला नको होतं असं नाही, पण ती सांगायची वेळ नव्हती. रुखमाची नणंद केसरबाई उठली, चालत गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत हाणली.

"पंचनामा करतं? माझी वयनी खाल्ली नं रे तुमच्या वाघानं! महिनाभर सांगून राह्यलो, पिंजरा आना, पिंजरा आना!"

"बाई, माझ्या हातात..."

ते वाक्य पुरं झालंच नाही. त्याची टोपी उडाली. एकानं त्याच्याच हातातली काठी हिसकली आणि त्याच्याच गुडघ्यावर घातली. तो वाकला तसा दुसऱ्यानं पाठीत लाथ घातली. मग कोण कोणाला मारतंय ते कळेनासं झालं. माणूस एकटा असतो तेव्हा त्याला लाज असते, भीती असते, घर असतं. शंभर झाले की त्यांना फक्त हात असतात.

पुनमनं फोन काढला.

तिनं तो का काढला, हे तिला नंतर पुष्कळ वेळा विचारलं गेलं. तिनं स्वतःलाही विचारलं. खरं उत्तर एवढंच की ओरडायला तोंड उघडत नव्हतं, पळायला पाय उचलत नव्हते, आणि आठवडाभर हाताला जे वळण लावलं होतं ते हातानं केलं. आधी हात. बाजेवरचं पाऊल धरलेले डोमाचे हात, उगारलेली काठी, आवळलेली मूठ. मग चेहरा. मग दूरून. पाच सेकंद झाले की अंगठा आपोआप बंद करत होता, दुसरं धरत होता.

वनरक्षक खाली पडला. डोक्यातून रक्त वाहून त्याचा एक डोळा बुजला होता. एका माणसानं बांधावरचा दगड उचलला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. तेवढ्यात बाजेजवळून डोमा उठला.

गर्दी आपसूक दुभंगली. मेली ती त्याची बायको, तेव्हा शेवटचा घाव त्याचा. सगळ्यांनी तेच धरलं आणि वाट दिली. डोमा आला. त्यानं पोराची कॉलर धरली. पुनमनं ती मूठ टिपली. तोंड वासून, डोळे फाडून तो गोंडीत काहीतरी ओरडला. पुनमनं तो चेहरा टिपला. आणि मग डोमानं त्या पोराला कॉलरला धरून आपल्याखाली ओढलं आणि आख्खा त्याच्यावर पालथा पडला.

गर्दीचे हात थांबायला वेळ लागला. काठ्या डोमाच्या पाठीवर पडत राहिल्या. दगडवाल्यानं दगड टाकला तो डोमाच्या खांद्यावर. पुनम मागं मागं सरत होती, फोन तसाच चालू होता, त्यात आभाळ येत होतं, पाय येत होते, पुन्हा डोमाची पाठ येत होती. मग केसरबाईची किंकाळी आली. "अरे, डोमाले मारून राह्यले तुमी! डोमाले!"

तेव्हा कुठं ते थांबले. सगळे एकमेकांकडं बघू लागले आणि आपापल्या हातांतल्या काठ्या पाहून दचकले. ट्रॅक्टर आणून त्या पोराला त्यात घातलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. त्वेषानं मारणारे तेच आणि आता पाणी पाजा, मान धरा म्हणणारेही तेच. साहेबांच्या गाड्या लांबून दिसल्या तसे गडी एकेक करून जंगलात पांगले. डोमाला चल म्हणाले. तो गेला नाही. बाजेपाशी परत जाऊन बसला.

दुपारी पुनम सभागृहात परत आली तेव्हा तिच्या कुर्त्यावर रक्त होतं, आणि ते कोणाचं हे तिलाही माहीत नव्हतं. प्रणित सरांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, विचारलं, "काही मिळालं का?"

मिळालं होतं. ती जोडायला बसली. बसायला नको होतं. घरी जायला हवं होतं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला हवं होतं. पण घरी जाऊन डोळे मिटले की ती मांडी दिसणार होती. समोर काम असलं की दिसत नव्हती. शिवाय सबमिशन आजचं होतं. तिनं नियमानं सगळं केलं. तुकडे लावले. आवाजात नुसता आक्रोश होता तो काढून टाकला, खाली एक बासरी टाकली. शेवटचा लांब तुकडा, तो आभाळाचा आणि पायांचा, इतका हलला होता की बघवत नव्हता. फोनही भरला होता. तिनं तो उडवला. कचऱ्याच्या डब्यात पडून राहिला तो, तिथूनही उडवला.

आणि मग तिनं जे केलं ते फक्त ग्रंथालयवालीच करू शकते. नाव, गाव, तारीख नसलेलं चित्र म्हणजे हरवलेलं चित्र, असं ती वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आली होती. तिनं चित्राखाली पाटी लावली. 'वनरक्षक सुनिल निकुरे', कारण ते त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं. आणि 'डोमा मडावी, कोसंबटोला', कारण त्या शंभर माणसांत तिला नावानं ओळखू येणारा तेवढा एकच होता. बाकीच्या मुठींना नाव नव्हतं. मग तिनं तो व्हिडिओ प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकला आणि दाखल झाला एकदाचा, असं म्हणून बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणित सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. "हे बघा. बोलणं नाही, निवेदन नाही. आणि आख्खी गोष्ट समजते."

पुनमनं तो पहिल्यांदाच असा मोठा पाहिला. पडद्यावर बायकोचं रक्ताळलेलं पाऊल आलं. मग काठी आली, मूठ आली. मग डोमाचा हात एका पोराच्या कॉलरला पडला. मग डोमाचा चेहरा, वासलेलं तोंड, फाटलेले डोळे, भिंतीएवढा. मग मातीवर रक्त. मग दूरून पडलेला पोरगा. बासरी संपली. आणि गोष्ट खरंच समजत होती. बायको मेल्यावर सूडानं पेटून वनरक्षकाला ठेचणाऱ्या डोमा मडावीची ती गोष्ट होती.

ती उठून उभी राहिली. "सर, हे खोटं आहे."

"खोटं म्हणजे? यातली एक तरी फ्रेम खोटी आहे का मॅडम?"

"नाही. पण हे खोटं आहे. डोमानं त्याला वाचवलं. अंगावर पडला तो त्याच्या. मारू नका म्हणूनच तो ओरडत होता!"

"मग तो शॉट कुठंय?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून गोपाल बोरकुटे उठले. सावलीकडचे, पोक्त, सगळ्यांशी गोड बोलणारे प्राध्यापक. त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "मॅडम, सुनिल आमच्या गावचा पोट्टा आहे. मी तुमचा व्हिडिओ रात्री आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. म्हणजे, काळजी वाटली म्हणून. त्याच्या घरच्यांना कळावं म्हणून." त्यांनी हातातला फोन वर धरला. "आता ग्रुपवर आलंय की त्याचा भाऊ लच्छू चार जण घेऊन पिकअपनं निघाला. कोसंबटोल्याला."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण किती सहज वापरतो. पण सुळी उभी करणारा कोणीतरी असतो, संन्याशाकडं बोट दाखवणारा कोणीतरी असतो, आणि बहुतेक वेळा ती दोन्ही माणसं चांगल्या घरची, शिकलेली आणि काळजीपोटी वागणारी असतात.

गोपाल सरांच्या मोटरसायकलवर मागं बसून पुनम निघाली. वाटेत तिनं ठाण्यात फोन लावला, माणसं पाठवतो म्हणाले. कोसंबटोल्यातल्या कोणाचाच नंबर तिच्याकडं नव्हता. हात, चेहरा सगळं घेतलं होतं, नंबर तेवढा घेतला नव्हता.

वस्तीबाहेर, नाल्याच्या काठाला, रुखमाला मातीत द्यायचं चाललं होतं. शवविच्छेदन होऊन प्रेत सकाळीच आलं होतं. अटकेच्या भीतीनं गडी माणसं अजून जंगलातच होती. होत्या त्या बायका आणि तीन-चार म्हातारे. खड्डा म्हाताऱ्यांनीच खणला होता. रुखमाला वरून खाली घ्यायला डोमा खड्ड्यात उतरलेला, हात वर करून उभा होता. कालच्या दगडानं एक खांदा वर होत नव्हता, म्हणून दुसरा ताणून उभा होता. अशा वेळी पिकअप आली.

पुनम पोचली तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून खाली मारत होते. चौघांकडं काठ्या होत्या. पुढं होता तो लच्छू, सुनिलसारखंच तोंड, तेवढंच रुंद कपाळ. त्यानं खणायचं फावडंच उचललं होतं. खड्डा कमरेएवढा, त्यातून माणूस पळणार कुठं? केसरबाई लच्छूच्या पायांना मिठी मारून ओरडत होती, "त्यानं नाई मारलं रे बाप्पा, त्यानं नाई मारलं!" लच्छूनं तिला लाथेनं बाजूला केलं. मारणाऱ्याचीच बहीण, ती दुसरं काय म्हणणार! शेजारी रुखमाचं प्रेत कापडात गुंडाळून ठेवलं होतं. झटापटीत कोणाचा तरी पाय त्यावर पडला.

पुनमनं खड्ड्यात उडी मारली.

काल जे जमलं नव्हतं ते आज जमलं, पण आज उशीर झाला होता. ती डोमावर पडली, त्याचं डोकं तिनं छातीशी घेतलं, आणि डोक्याची मागची बाजू तिच्या हाताला मऊ लागली. वरून काठी आली ती तिच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, दुखलं मात्र नंतर. "बाई आहे! अरे, बाई आहे, थांबा!" गोपाल सर वरून ओरडत होते. लच्छूला त्यांनी मागून घट्ट धरलं होतं.

लच्छूनं त्यांना झटकलं. खिशातून फोन काढला आणि खाली वाकून पुनमच्या तोंडासमोर धरला. बासरी वाजत होती.

"हे खोटं आहे का? बोल!"

"हा व्हिडिओ मी काढला," पुनम म्हणाली. "मीच काढला. त्यानं तुझ्या भावाला वाचवलं. यात जे दिसतंय ते तसं नाही."

"कसं आहे मंग? दाखव!"

"माझ्याकडं नाही ते."

"तुनंच काढलं, तुनंच नाव लिवलं, अन् आता तूच म्हणतं तसं नाई!" लच्छूच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझा भाऊ तिकडे मरून राह्यला, मास्तरीन! डोळा उघडत नाई त्याचा!"

त्याला तिच्यावर हात टाकवेना. त्यानं फावड्याची पात तिच्या खांद्याशेजारून खाली घातली, डोमाच्या बरगडीत. एकदाच. मग फावडं टाकलं आणि पिकअपकडं चालू लागला.

डोमाला ट्रॅक्टरमधून हमरस्त्याला आणि तिथून अँब्युलन्सनं चंद्रपूरला नेलं. पुनम शेजारी बसली होती. मूल गाव मागं पडेपर्यंत तो मधून मधून बोलत होता, गोंडीत, तिच्याशी नव्हे. एकदा मात्र त्यानं तिला ओळखलं असावं. "तिले मातीत घातलं का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. घातलं नव्हतं. चंद्रपूर यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला.

दवाखान्यात पुनमच्या हाताला प्लास्टर घातलं. बाहेर पोलीस तिच्या जबाबासाठी बसले होते. तिला प्रणित सरांचा फोन आला. ते रडत होते, व्हिडिओ ग्रुपवरून काढला म्हणाले. आता हजार फोनांत होता तो. एका वाहिनीनं तर बासरीसकट दाखवला होता. डोमा मडावी मेला आणि मेल्यावरही मारेकरीच राहणार होता. मयताच्या नावाला चिकटलेलं पुसणार कोण? वस्तीचं कोणी मानणार नाही, ते सगळे आरोपी. ती स्वतः बोलली तर तिचाच व्हिडिओ तिच्या विरुद्ध. एकच माणूस होता ज्याचा शब्द चालला असता, आणि तो याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर बेशुद्ध होता.

नर्सनं सांगितलं की तो मघाशी शुद्धीवर आला. पुनम जिना चढून वर गेली.

दारातच ती थबकली. खाटेच्या पायथ्याशी लच्छू बसला होता. पोलीस त्याला सावलीकडं शोधत होते आणि हा इथं, भावाचं पाऊल दाबत. शर्टावरचं रक्त त्यानं नळाखाली धुतलं होतं, तरी डाग उरला होता. आईबाप लहानपणीच गेलेले, ह्यानंच धाकट्याला ट्रॅक्टरवर मजुरी करून शिकवलेलं, वनखात्यात लागला तेव्हा गावभर पेढे वाटलेले. हे तिला गोपाल सरांनी वाटेत सांगितलं होतं. त्याचा राग यावा म्हणून ती धडपडली. रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

लच्छूनं तिला पाहिलं नाही. तो भावाच्या कानाशी वाकून बोलत होता.

"तू फिकीर करू नको. ज्यानं तुले मारलं, त्याचा हिशोब करून आलो मी. जेलात गेलो तं गेलो."

सुनिलच्या डोक्याला पट्ट्या होत्या, एक डोळा झाकलेला. जीभ जड होती. "कोणाचा?"

"त्या डोमाचा."

"कोन डोमा?"

"तुले कसं माहीत राहीन, तू तं नवा तिकडे." लच्छूनं फोन काढला, बोटानं व्हिडिओ पुढं सारला आणि बरोबर त्या चेहऱ्यावर थांबवला. वासलेलं तोंड, फाटलेले डोळे, खाली पुनमनं लिहिलेलं नाव. "हा. पाह्य. हाच नं?"

सुनिलनं उघडा डोळा बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, पट्ट्यांखालून फुटेल तेवढं.

"हाच," तो म्हणाला. "हाच बुढा. दगड येत होता नं भाऊ, तं हा माझ्यावर पडला. आख्खा. सगळा मार त्यानं खाल्ला. कानात सांगे, हालू नको बाबू, मेल्यासारखा पडून राह्य." त्याला धाप लागली. "त्याची बायको मेली होती, भाऊ. तिथीच पडली होती. अन् हा मले झाकून होता."

लच्छूच्या हातातला फोन तसाच राहिला.

"वाचला का तो?" सुनिलनं विचारलं. "लय लागलं असन त्याले. इथीच आनला का? तू भेटला का त्याले?"

लच्छूनं मान वळवली तेव्हा त्याला दारात पुनम दिसली, गळ्यात अडकवलेला हात घेऊन उभी. तो तिच्याकडं असा पाहू लागला की आता तिनंच काहीतरी बोलावं, काहीही. तिनं तोंड उघडलं. पण लच्छूनं हात वर करून तिला थांबवलं, भावाचं पाऊल पांघरुणात नीट झाकलं आणि जमिनीवर खाली बसला.

"भेटलो," तो म्हणाला. "मीच भेटलो त्याले, सुन्या."